कारकुनाचा हात : मोडी, उर्दू आणि कळफलक

राज्यकारभाराची भाषा बदलली म्हणजे कायदा बदलतो, पाठ्यपुस्तके बदलतात. परंतु सर्वप्रथम बदलावा लागतो तो कारकुनाचा हात. या हाताचा इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही. महाराष्ट्राच्या दोन भागांच्या तुलनेतून त्याची रूपरेषा मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पालघर जिल्ह्यातील नवापूर हे बोईसर-तारापूर परिसरातील किनाऱ्यावरचे गाव. तारापूरचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. मराठी अंमलात दप्तराची लिपी मोडी होती आणि पुढे इंग्रजी अमदानीतही गावपातळीवरील कागदांत ती दीर्घकाळ टिकली. आज येथील उमेदवाराला लिपिक-टंकलेखक व्हावयाचे असेल, तर मराठीत मिनिटास ३० अथवा इंग्रजीत ४० शब्दांच्या वेगाचे प्रमाणपत्र लागते. उर्दूचा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहत नाही.

मराठवाड्यात मात्र तो प्रश्न अनेक पिढ्यांपुढे उभा होता. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झाले. संस्थानच्या लोकसंख्येत मराठी भाषकांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. तथापि कचेरीची वाट उर्दूतूनच जात असे. सरकारी नोकरीची आकांक्षा धरणाऱ्या मराठी मुलास घरी एक लिपी व दप्तरात दुसरी, अशी दुहेरी तालीम घ्यावी लागे. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात सामील झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा ठरली. ज्या उर्दूच्या बळावर एका पिढीने नोकरी मिळविली, तिची किंमत त्याच पिढीच्या हयातीत ओसरली. पूर्वीचा अन्याय दूर झाला, हे खरेच. परंतु त्याबरोबर एक वाचनकौशल्यही कचेरीबाहेर पडले.

या दोन दप्तरी परंपरांत एक साम्य आहे, ते भाषाभ्यासकाने ध्यानात घ्यावे असे आहे. मोडी ही हात न उचलता लिहिण्याची धावती लिपी. फारसी-उर्दू दप्तरातही ‘शिकस्त’ नावाचे असेच धावते वळण होते. ‘शिकस्त’ म्हणजे मोडलेले. काही अभ्यासकांनी दोन्ही नावांची सांगड घातली आहे. ती मान्य होवो वा न होवो, दोहोंचे प्रयोजन एकच होते, ते म्हणजे वेग. लेखनयंत्र आले आणि हे प्रयोजनच नाहीसे झाले. ज्या यंत्रात प्रत्येक अक्षरासाठी कळ स्वतंत्र दाबावयाची, तेथे लेखणी न उचलण्याचा लाभ कोणता? मोडी मागे पडण्याची कारणे शिक्षणात व छपाईत शोधली जातात; त्यांत टंकलेखनाचीही भर घालावयास हवी.

यंत्राने उर्दूची कोंडी अधिक केली. उर्दूतील बहुतेक अक्षरांना आद्य, मध्य, अन्त्य व सुटे अशी चार रूपे. शिवाय वाचकांच्या पसंतीची नस्तालीक शैली उजवीकडून डावीकडे जाताना खाली उतरत येते. सरळ रेषेत सरकणाऱ्या यंत्राला ही उतरण साधेना. म्हणून उर्दू लेखनयंत्रे प्रायः नस्ख शैली वापरीत आणि वृत्तपत्रे मात्र कातिबांच्या हस्ताक्षरात निघत. १९८१ मध्ये सुमारे २० हजार जोडरूपांचा ‘नूरी नस्तालीक’ संच तयार झाला व लाहोरच्या ‘जंग’ दैनिकाने तो स्वीकारला, तेव्हा ही स्थिती पालटू लागली.

देवनागरीचा प्रश्न निराळा, पण त्याच जातीचा. जुन्या मराठी लेखनयंत्रावर ‘कि’ उमटविताना ऱ्हस्व वेलांटी आधी व ‘क’ नंतर, म्हणजे डोळ्यांना दिसणारा क्रम. संगणकाच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘क’ आधी व वेलांटी नंतर, म्हणजे कानाला ऐकू येणारा क्रम. युनिकोडमध्ये उर्दू अक्षरालाही एकच संकेत असतो आणि त्याचे रूप संगणक ठरवितो. पाकिस्तानातील कनिष्ठ लिपिकपदासाठी उर्दू टंकलेखनाचा सराव करणारा उमेदवार आणि नवापूरचा मराठी उमेदवार आज एकाच तत्त्वावर बोटे चालवितात. दोघेही आकार उमटवीत नाहीत. ते वर्ण नोंदवितात.

तथापि दोघांनाही आपल्याच आजोबांचे दप्तर वाचता येईल असे नाही. याचा प्रत्यय २०२३ मध्ये आला. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. निजामकालीन कागद तपासताना मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची निकड भासली. नागरिकाचा हक्क एखाद्या नोंदीवर अवलंबून असावा आणि ती नोंद वाचणारा दुर्मिळ असावा, ही केवळ पुराभिलेखागाराची अडचण नव्हे. तो न्यायाचा प्रश्न होय.

टंकलेखनाची परीक्षा वेग मोजते व तो मोजलाही पाहिजे. परंतु ज्या शासनाचे दप्तर तीन-चार लिप्यांत विखुरलेले आहे, त्याने लिहिणाऱ्या हाताबरोबर वाचणारा डोळाही घडविला पाहिजे. भाषाविभागांनी मोडी आणि उर्दू-शिकस्त यांचे वाचन पदव्युत्तर अभ्यासक्रमात एकत्र आणले, तर त्या कार्याचा आरंभ होऊ शकेल.