उंदीर, घरातील : प्रतिबंध व बंदोबस्त

माणसाच्या वस्तीत राहून त्याच्याच अन्नावर पोसणाऱ्या उंदीर-घुशींना घरात येऊ न देणे आणि आलेल्यांना हटवणे. महाराष्ट्रातील घरांत त्यांचे मुख्यत्वे तीन प्रकार दिसतात. वीसेक ग्रॅम वजनाचा लहान घरउंदीर कपाटात, पुस्तकांमागे, रद्दीत राहतो. अंगापेक्षा लांब शेपटीचा काळा उंदीर चढण्यात पटाईत असल्याने माळा, कौले आणि छताच्या पोकळ्या गाठतो. घूस जमिनीत बिळे करते. मोरी, गटार आणि घराचा पाया हा तिचा मुलूख. चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण ती कृंतक नव्हे. ती झुरळे व किडे खाते, त्यामुळे वास सहन होत असेल तर तिला मारण्यात काही लाभ नाही.

उंदराची मादी तीन आठवड्यांच्या गर्भारपणानंतर एका वेळी साधारण पाच ते दहा पिले देते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. खाणे आणि आडोसा शाबूत असेल तर मेलेल्यांची जागा लवकरच भरते. म्हणून मारणे हा दुय्यम उपाय. घर बंद करणे हा पहिला. व्यवहारात बहुतेक घरे नेमकी उलट्या क्रमाने जातात.

घरउंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, मोठ्या उंदराला सुमारे १२ मिलिमीटरची. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी, मोरीच्या तोंडाशी घट्ट बसणारी लोखंडी जाळी, नळ आणि वायरी भिंतीतून येतात तिथे सिमेंट. गवंडी बिळे बुजवताना सिमेंटमध्ये काचेचा चुरा घालतात, तो यासाठीच. लाकडाची फळी किंवा प्लास्टिकची जाळी टिकत नाही, कारण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात आणि कुरतडून झिजवत राहणे त्याला भागच असते. विजेच्या वायरींवरचे आवरणही त्यातून सुटत नाही. छताला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. धान्यासाठी बांबूच्या कणगीपेक्षा झाकणाची पत्र्याची कोठी बरी. रात्री खरकटी भांडी आणि कुत्र्या-मांजराचे उरलेले खाणे उघडे ठेवू नये. शहरात कबुतरांना दाणे टाकण्याचे पुण्यकर्म रात्री उंदरांच्याही पदरात पडते, हे सोसायट्या सहसा लक्षात घेत नाहीत.

उंदीर भिंतीच्या कडेने, मिशांनी चाचपत चालतो. सापळा भिंतीला लागूनच ठेवावा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्यामुळे पिंजरा दोन-तीन रात्री न अडकवता आत नुसते खाणे ठेवावे आणि मग लावावा. घरउंदीर उलट चौकस असतो, पण फिरतो थोड्याच अंतरात. त्याच्यासाठी एका पिंजऱ्यापेक्षा जवळजवळ ठेवलेले अनेक चाप उपयोगी. आमिष म्हणून भजे, खोबरे किंवा सुका बोंबील चालतो. गोंदाच्या पट्टीवर उंदीर तासन्‌तास तडफडतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाचा तिला विरोध आहे. ध्वनिलहरींच्या यंत्रांना उंदीर लवकरच सरावतात. मांजर पिले व लहान उंदीर मारते, मोठ्या घुशीच्या वाटेला सहसा जात नाही.

विषांपैकी जस्त फॉस्फाइड पोटातील आम्लाशी मिसळून फॉस्फिन हा जहरी वायू तयार करते. अर्धवट मात्रा घेऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. ब्रोमाडायोलोन रक्त गोठू देत नाही. मरण काही दिवसांनी येत असल्याने उंदराला त्याचा संशय येत नाही. माणसाच्या पोटात गेल्यास त्यावर ‘के-१’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. जस्त फॉस्फाइडला आणि पिवळ्या फॉस्फरसच्या लेपाला मात्र खास उतारा नाही; हा लेप यकृत निकामी करतो. मुले असलेल्या घरात तो आणूच नये. विष खाल्लेला उंदीर पाणी शोधत बाहेर जाऊन मरतो, हा समज खोटा आहे. तो पुष्कळदा माळ्यावर किंवा भिंतीच्या पोकळीतच मरतो आणि घरभर वास सुटतो.

रोगांमध्ये प्लेगचा इतिहास मोठा आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पिसवांमार्फत तो पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत दाखवले. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसाकडे वळतात. त्यामुळे प्लेगच्या साथीत आधी बिळांत कीटकनाशक भुकटी मारतात, उंदीर नंतर. आजचा नित्याचा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदराच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शिरतात. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप व पोटऱ्यांत तीव्र दुखणे जाणवल्यास थांबू नये, डॉक्टरांना पाण्याचे सांगावे. घरातील लेंड्या कोरड्या झाडू नयेत. त्यांवर ब्लीचिंगचे पाणी शिंपडून, हातमोजे घालून ओल्या फडक्याने उचलाव्यात.