फेरीवाल्याची चाल

गोष्ट १९९१ च्या दिवाळीतली. माझा धाकटा भाऊ तेव्हा मस्कतला नोकरीला होता. त्या वर्षी सुटीवर येताना त्याने खजूर, साबणाच्या वड्या आणि मुलांसाठी विटेएवढा एक करड्या रंगाचा खेळ आणला. ‘गेम बॉय’ त्याचे नाव. चार पेन्सिल सेल घातले की हिरवट काचेवर वरून ठोकळे पडू लागत आणि आतून एक चाल वाजू लागे. धारवाडला दिलेली माझी बहीणही मुलांना घेऊन बेळगावला आली होती. तिच्या सासरी कानडी; त्यामुळे माझी मुले आणि भाचरे यांची भांडणेही दोन भाषांत चालत. ‘माझी पाळी’ आणि ‘नन्न पाळि’ यात ऐकणाऱ्याला फरक तो काय कळणार! चाल मात्र सगळी एकच गुणगुणत.

चौथ्या दिवशी सोऱ्याने चकल्या पाडता पाडता आईदेखील तीच चाल गुणगुणू लागली. मध्येच थांबून तिने मला विचारले, ‘‘कुठल्या नाटकातलं पद रे हे?’’ आम्ही सगळे हसलो. खेळाच्या खोक्यावर कंपनीचे नाव ठळक होते, पण ही चाल कोणाची, ते कुठेच छापलेले नव्हते.

आईचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. ते नाटकातले पद नव्हते खरे, पण पद होतेच. त्याला शब्द होते आणि ते शब्द लिहिणारा कवीही होता.

निकोलाय नेक्रासोव्ह हा तो रशियन कवी. त्याची ‘कोरोबेइनिकी’ ही दीर्घ कविता १८६१ साली प्रसिद्ध झाली. रशियात भूदासांची मुक्तता झाली, तेच हे वर्ष. ‘कोरोब’ म्हणजे झाडाच्या सालीची पेटी. ती पाठीवर घेऊन खेडोपाडी कापडचोपड आणि किडूकमिडूक विकत हिंडणारे फेरीवाले ते कोरोबेइनिकी. कवितेत असे दोघे आहेत, म्हातारा तिखोनिच आणि तरुण वान्का. वान्का रात्री राय धान्याच्या शेतात कात्याला भेटतो. पेटी उघडली जाते, घासाघीस होते. शेवटी कात्या सगळा माल परत करते आणि एक पिरोजाची अंगठी तेवढी ठेवून घेते. फेरी संपवून परत आलो की लग्न करू, असे वचन देऊन वान्का निघतो.

नेक्रासोव्हने ही कविता शेतकऱ्यांसाठी लिहिली होती आणि एका शेतकरी मित्रालाच ती अर्पण केली होती. पुढे १८६२ मध्ये त्याने तिची लाल वेष्टनाची स्वस्त पुस्तिका काढली. किंमत तीन कोपेक. ती खेडोपाडी पोचवायची कोणी, तर फेरीवाल्यांनीच, अशी त्याची योजना! फेरीवाल्यांची गोष्ट फेरीवाल्यांच्याच पेटीतून. आपल्याकडे जत्रेत पोथ्या-पंचांगे विकली जात, त्याची आठवण व्हावी.

कवितेच्या सुरुवातीच्या भागाला चाल लागली आणि ती लोकांच्या तोंडी बसली. आरंभी संथ, मग हळूहळू वेग घेत जाणारे हे गाणे रशियात लग्नसमारंभांत आणि नाचाच्या मेळ्यांत गायले जाऊ लागले. गाणे थांबते ते प्रेमाच्या गोष्टीपाशी. कविता मात्र पुढे जाते. आडवाटेच्या जंगलात एक वनरक्षक पैशासाठी त्या दोघांना गोळ्या घालतो आणि त्याच रात्री गुत्त्यात बसून बढाया मारताना पकडला जातो. गाणाऱ्यांना हा शेवट नको होता, म्हणून तो गळाला. शब्द गळण्याची सुरुवात रशियातच झाली होती म्हणायची.

आता ही चाल खेळात कशी शिरली ते पाहू. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

या खेळांना आरंभी संगीत असे नव्हतेच, नुसता टकटकाट. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला. त्यात खालच्या पट्टीतले चारच स्वर पुनःपुन्हा वाजत आणि शत्रू जवळ येत जाई तसतशी त्यांची लय वाढे. तबलजीने लय चढवली की श्रोता पुढे सरकून बसतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की श्रोत्याच्या हातात येथे खटका आहे आणि चुकला तर त्याचे नाणे बुडते.

मग १९८३ मध्ये जपानमध्ये निन्तेन्डो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे घरच्या टीव्हीला जोडायचे यंत्र निघाले. (आपल्याकडे नव्वदीत बाजारात मिळत ती बहुतेक याचीच नक्कल.) त्यात आवाजाला पाच वाटा होत्या. दोन कर्कश, पिपाणीसारख्या; एक खर्जाकडे झुकणारी, मऊ; एक नुसत्या खरखरीची, जिच्यातून ताल काढायचा; आणि पाचवी साठवलेल्या बारीकशा आवाजाची. एवढ्या वाद्यमेळावर कोजी कोंडो यांनी १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे संगीत रचले. तो संपूर्ण खेळ, चित्रे आणि संगीत धरून, चाळीस किलोबाइटांत मावलेला आहे. मारिओने उडी मारली की त्या उडीच्या आवाजासाठी एक वाट मोकळी करावी लागे आणि तेवढा क्षण संगीतातला एक आवाज गप्प होई. मुख्य चाल मात्र तुटू द्यायची नाही. पायपेटीच्या दोन पट्ट्या मोडलेल्या असताना गायकाची साथ करणाऱ्यांना हे कसब वेगळे सांगायला नको.

कोइची सुगियामा यांची हकीकत तर मला फार आवडते. हे दूरचित्रवाणी आणि गाण्यांच्या क्षेत्रातले नावाजलेले संगीतकार. संगणकावरचा जपानी बुद्धिबळाचा एक खेळ घेतला आणि सोबत आलेले अभिप्रायाचे कार्ड त्यांनी कंपनीला भरून पाठवले. नाव वाचून कंपनीवाले चकित! त्यातूनच १९८६ चे ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे संगीत झाले आणि १९८७ च्या ऑगस्टमध्ये टोकियोच्या सन्तोरी सभागृहात ते वाद्यवृंदावर वाजले. २३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात देशोदेशींचे खेळाडू मैदानात येऊ लागले ते याच खेळाच्या आरंभसंगीतावर.

असो. आपला फेरीवाला वाटेत उभा आहे.

ठोकळ्यांचा खेळ, ‘टेट्रिस’, अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तयार केला. त्यांच्या ‘इलेक्ट्रोनिका ६०’ या यंत्राला चित्रेही काढता येत नसत. ठोकळे कंसाच्या चिन्हांचे होते. संगीताचा प्रश्नच नव्हता. खेळ सीमेपार गेला आणि परदेशी कंपन्यांनी तो रशियन वाटावा म्हणून त्याला रशियन चाली चिकटवल्या. मॉस्कोत जन्मलेल्या खेळाला रशियन गाणे मिळाले ते असे परक्या हातून. १९८९ च्या फेब्रुवारीत हेंक रॉजर्स हे व्यावसायिक मॉस्कोला गेले. त्यांच्या खटपटीने हातात धरायच्या यंत्राचे हक्क निन्तेन्डोकडे आले आणि त्याच वर्षी ‘गेम बॉय’बरोबर टेट्रिस निघाला. संगीत हिरोकाझु तानाका यांचे. जपानमधल्या अगदी पहिल्या आवृत्तीत फेरीवाल्याची चाल नव्हतीच. ती मागाहून बसवली. तेथेही चारच आवाज आणि भोंगा म्हणाल तर रुपयाएवढा. शब्द गाता येतील असे त्या यंत्रात काहीच नव्हते. कात्या गेली, अंगठी गेली, वान्का गेला. उरली ती चाल, आणि साडेतीन कोटींच्या घरात खपलेल्या त्या खेळाबरोबर ती आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली.

म्हणून आईच्या प्रश्नाकडे मी पुन्हा वळतो. तिच्या पिढीला नाटकाच्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून एक ओळ छापलेली पाहायची सवय होती. हे पद अमक्या गाण्याच्या चालीवर म्हणावे, एवढे ती सांगे. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर. १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभे करणाऱ्या या माणसाने पदांसाठी कानडी चालीही मोकळ्या मनाने घेतल्या. पुढे मूळ कानडी शब्द ऐकणाऱ्याच्या कानावरून गेले आणि चाल मराठी झाली. पण पुस्तकातली ती एक ओळ कुठून आणले याची कबुली देत असे. खेळाच्या खोक्यावर तेवढी ओळ नव्हती, माझी तक्रार इतकीच आहे. खुद्द पाजित्नोवांना आपल्या खेळाचे मानधन १९९६ पासून मिळू लागले, तेथे चालीच्या धन्याला कोण विचारतो?

चाल पुढेही हिंडतच राहिली. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर स्पिन’ या नावाने तिची नाचाची तबकडी निघून लोकप्रियतेच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेली. त्या टोपणनावामागे नाइजेल राइट यांच्याबरोबर होते अँड्र्यू लॉइड वेबर, म्हणजे संगीत नाटकांचेच बडे प्रस्थ! आईचा अंदाज अगदीच वाया गेला नाही म्हणायचा. कोंडो यांच्या मारिओच्या चालीला २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतले. संगणकीय खेळाच्या संगीताला तेथे प्रथमच जागा मिळाली.

आई २००३ साली गेली. तोवर मला यातले काहीच ठाऊक नव्हते, त्यामुळे तिला उत्तर द्यायचे राहून गेले. गेल्या दिवाळीत धारवाडची भाची आली होती. तिचा मुलगा मोबाइलवर तोच खेळ खेळत होता, आवाज बंद करून. चाल तोंडाने तिचीच चालली होती. मी तिला वान्का-कात्याची गोष्ट सांगितली. मराठीत सुरू केली आणि तिच्या मुलासाठी मध्येच कानडीवर आलो.

तिने विचारले, ‘‘मग त्या मुलीचं काय झालं, मामा?’’

नेक्रासोव्हने ते लिहिलेले नाही. कवितेत ती वाट पाहते, एवढेच आहे.