वावर गेलं कायमचं, भाडेपट्टा 95 वर्षांचा

क्रांती चौकातून अदालत रोडला वळलं की जिल्हा न्यायालय लागतं. आमच्या आबांना शहर ठाऊक होतं ते एवढंच. शहराच्या पूर्वेला, जालना रोडला लागून असलेलं आमचं वावर एका सरकारी प्रकल्पात गेलं आणि वाढीव मावेज्याच्या दाव्यासाठी आबा वर्षानुवर्षं तारखेला येत राहिले. तारीख पुढं गेली की ते चालत चौकात यायचे, काळ्या चबुतऱ्यापाशी टेकायचे आणि सोबतच्या नातवंडाला 1857 सांगायचे.

त्यांच्या तोंडून ऐकलेली हकीकत अशी. औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ होतं. आपल्याला दिल्लीवर, बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी बातमी जून महिन्यात शिपायांमध्ये पसरली आणि ते बिथरले. मीर फिदा अली नावाच्या दफेदारानं इंग्रज कप्तानावर गोळी झाडली. त्याला फाशी झाली, आणखी काहींना तोफेच्या तोंडी दिलं. चौकाला ‘क्रांती’ हे नाव त्या माणसांमुळं आहे. हे सांगून झालं की आबा न चुकता म्हणायचे, “कुठं जायचं, कुणाशी लढायचं, त्यायला कुणी इचारलंच नव्हतं.” एवढं बोलून ते गप्प बसत. त्या शिपायांनी प्राण दिले होते आणि आबांचं वावर गेलं होतं. या दोन गोष्टी एका पारड्यात घालण्याइतके ते उथळ नव्हते. पण ‘इचारलं नव्हतं’ हे शब्द ते स्वतःच्या जमिनीबद्दलही वापरत, तेही ह्याच आवाजात.

खरोखरच त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आधी नोटीस आली, मग मोजणीवाले आले. विहिरीचे इतके, आंब्याचे इतके, असा कागद झाला. बांधावरच्या बोरी, बाभळी कुठंच धरल्या नाहीत. शेवटी निवाडा जाहीर झाला आणि कब्जेपावतीवर अंगठा घेतला. भाव ठरवायची रीत अशी होती, की आसपासची आधीची खरेदीखतं काढायची आणि त्यांवरून बाजारभाव धरायचा. मुद्रांक वाचवायला खरेदीखतात किंमत कमी दाखवायची हे आपल्याकडं सर्रास चालत आलेलं. त्यामुळं शेजाऱ्यानं कधी काळी वाचवलेले पैसे आबांच्या मावेज्यातून कापले गेले. कोरडवाहू की बागायत, यावरही वाद झाला. वाढीव मावेजा मिळाला तेव्हा आबांना नीट दिसत नव्हतं. वकिलाची फी गेली, वाटण्या झाल्या, आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. एका आत्याची सही झाली, पण ती पुढं माहेरी आली नाही. आमच्यासाठी सालानं राबणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. त्याला कुणी एक पैसाही देणं लागत नव्हतं.

मोठ्या मायचं, म्हणजे आजीचं, माहेर गोदाकाठी होतं. ते नाथसागरात गेलं. जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं लोकार्पण केलं. मधल्या दहा-अकरा वर्षांत शंभराहून अधिक गावं उठली. मोठी माय त्याबद्दल रडताना मी पाहिली नाही. तिचं म्हणणं असं, की पाण्यासाठी गेलं; खालच्या अंगाच्या कुणाच्या तरी कपाशीला, उसाला ते मिळालं. आबांच्या वावराबद्दल मात्र ती कडवट बोलायची. “तिथं कुणाचं पोट भरतं ते मला दाखवा.” सार्वजनिक हिताची व्याख्या कायद्याच्या पुस्तकात मी पुष्कळदा वाचली आहे. मोठ्या मायनं केलेला हा भेद मला त्या व्याख्येहून नेमका वाटतो. पुढं त्याच नाथसागराचं पाणी शहराच्या नळांना आणि कारखान्यांनाही जाऊ लागलं. ते कळलं तेव्हा मोठ्या मायला नीट समजावून सांगणं कुणालाच जमलं नाही.

क्रांती चौकातून जालना रोडनं पूर्वेकडं निघालं की या जिल्ह्यातला भूसंपादनाचा सगळा इतिहास ओळीनं लागतो. आधी सिडको. नव्या औरंगाबादसाठी सत्तरच्या दशकात ती आली आणि मुकुंदवाडीच्या शिवारातली वावरं एन-2, एन-3 झाली. मग चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत. पुढं कुंभेफळ आणि शेंद्रा. चैत्रातली मांगीरबाबाची जत्रा पूर्वीसारखीच भरते आणि तिच्या शेजारीच 2001 पासून स्कोडाचा कारखाना आहे. त्यापुढं लाडगाव, करमाड. पश्चिमेला गेलं तर वाळूज, जिथं 1985 मध्ये बजाज ऑटो आली आणि घराघरांतली पोरं बसनं पाळीला जाऊ लागली. दक्षिणेला पैठण रोडवर बिडकीन. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे 10,000 एकर जमीन घेतली गेली. बिडकीनचा वाटा त्यात कितीतरी मोठा. भाव ठरला एकरी 23 लाख.

या वसाहतींनी काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. वाळूज नसतं तर मराठवाड्यातली निम्मी आयटीआयवाली पोरं पुण्याला गेली असती, माझे दोन चुलतभाऊ तर नक्कीच. बिडकीनला एथर आणि टोयोटा किर्लोस्कर यांची नावं आली तेव्हा गावात पेढे वाटणारेही होते. माझा राग कारखान्यावर नाही. तो एका कलमावर आहे, आणि ते कलम मला फार उशिरा दिसलं.

एमआयडीसी भूखंड विकत नाही. ती तो 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देते. ऑरिकमध्येही, म्हणजे शेंद्रा-बिडकीनच्या नव्या नगरीत, भूखंड भाडेपट्ट्यानंच मिळतो. सिडकोनंही आपली घरं आणि भूखंड भाडेपट्ट्यानं दिले. मालकी हक्कासाठी तिथले रहिवासी किती वर्षं भांडत होते, हे शहराला ठाऊक आहे. यामागचं कारण शहाणपणाचंच आहे: जमीन एकदा विकली की हातून जाते, भाड्यानं दिली की मालकी आपल्याकडं राहते. सरकारला हे पक्कं समजतं. 1961 च्या औद्योगिक विकास कायद्याच्या 32व्या कलमाखाली तीच जमीन घेताना मात्र शेतकऱ्याची मालकी कायमची संपते. तिथं 95 वर्षांची गोष्ट कुणी काढत नाही. बिडकीनचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. एकरी 23 लाख म्हणजे गुंठ्याला 57,500 रुपये, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम 570. रस्ते, पाणी, वीज यांचा खर्च घालून कंपनीला पुढं जो भाव लागतो तो वेगळा, आणि तो खर्च खराही आहे. पण पंच्याण्णवाव्या वर्षानंतर ती जमीन ज्याच्याकडं परत येणार, तो मालक शेतकरी का नसावा, याचं उत्तर मला कुठल्याच निवाड्यात सापडलं नाही.

कंपनीसाठी सरकारनं जमीन घेऊन द्यायची, ही रीत इंग्रजांची. 1894 च्या भूसंपादन कायद्यात कंपन्यांसाठी वेगळा भागच होता. मुळशीत टाटांच्या धरणासाठी तीच वाट धरली गेली आणि 1921 मध्ये पांडुरंग महादेव बापट मावळ्यांसोबत उभे राहिले. सेनापती ही पदवी त्यांना त्या सत्याग्रहानं दिली. धरण झालंच, आणि मुंबईला वीज गेली. स्वातंत्र्यानंतरही तो कायदा 2013 संपेपर्यंत जिवंत होता. मधे, 1978 च्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला. नव्या कायद्यानं खासगी कंपनीसाठी 80 टक्के बाधितांची संमती मागितली, भूमिहीन सालदारालाही बाधितांत धरलं. आमच्या सालदारासाठी हे फार उशिरा आलं. अमेरिकेतही 2005 मध्ये सुझेट केलो नावाच्या नर्सचं घर न्यू लंडन शहराच्या विकासासाठी गेलं. सर्वोच्च न्यायालयात ती पाच विरुद्ध चार अशी हरली, आणि घरं पाडलेली ती जागा पुढं कित्येक वर्षं ओसाड राहिली. तिचं भांडण पैशाचं नव्हतं. ज्या कारणासाठी घेता, ते कारण खरोखर सगळ्यांचं आहे का, एवढंच तिनं विचारलं होतं.

बिडकीनकडच्या आमच्या सोयऱ्यांकडं मावेजा आला तेव्हा मी वरचेवर जात होतो. पहिल्या वर्षी नवी गाडी आली, दोन मजली घर उठलं, पोरीचं लग्न मोठं झालं. एका मामांनी शहाणपणानं लांब, दुसऱ्या तालुक्यात जमीन घेतली. पण तिथलं पाणी पहिल्याच दुष्काळात आटलं. लोक या माणसांना उधळे म्हणतात, ते मला सहन होत नाही. दरवर्षी थोडं पिकवून थोडं खाणाऱ्या घराच्या हातात तुम्ही तीस वर्षांचं उत्पन्न एका दिवशी ठेवता आणि मग त्याला हिशेब जमला नाही म्हणून हसता. ज्याचं पोट वार्षिक उत्पन्नावर चालत आलं, त्याला वार्षिक उत्पन्नच द्यायला हवं होतं.

आणि ते देता येतं. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याच्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली 400 एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि शहर स्वतःच उभारलं. तिथल्या इमारतींत आज संगणक कंपन्या आहेत आणि भाडं त्या घरांना मिळतं. ते पुण्याच्या वेशीवर होते, एका नात्यागोत्यातले होते, पुढारी घरचाच होता. बिडकीनच्या तांड्यावर ते जसंच्या तसं होणार नाही, हेही मला कळतं. पण भाडेपट्ट्याच्या रकमेतला ठरावीक वाटा दरसाल सातबाऱ्यावरच्या मूळ नावांच्या वारसांना मिळावा, आणि मुदत संपली की मालकीबद्दल त्यांना विचारलं जावं, एवढी अट करारात घालायला मगरपट्टा लागत नाही.

क्रांती चौकातून निघणारे शेतकऱ्यांचे मोर्चे विभागीय आयुक्तालयापर्यंत जातात. त्यांच्या फलकांवर बहुतेक वेळा भावाचा आकडा असतो: इतके लाख द्या, इतके वाढवा. आबांच्या अर्जातही तेवढंच होतं, कारण वकिलानं तेवढंच मागता येतं असं सांगितलं होतं. यापुढं ज्या गावात 32(2) ची नोटीस येईल, तिथल्या लोकांनी आकड्याच्या आधी भाडेपट्ट्याची मागणी लिहावी. मोजणी व्हायच्या आधी, ग्रामसभेच्या ठरावात, सालदारांच्या नावांसकट. कब्जेपावतीवर सही झाल्यावर ती मागणी ऐकून घेणारी खिडकी अदालत रोडवर नाही.