मागून ढकलणारी रेवा
बंगळुरूत मी गाडी शिकलो ती वडिलांच्या पद्मिनीवर. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. 1983 साली मारुती 800 आली आणि पुढचीच चाकं गाडी ओढू लागली, वळवूही लागली. वळणात जरा जास्त रेस दिली की मारुतीचं नाक बाहेर सरकायचं. पद्मिनी पावसात तीच आगळीक केली तर शेपूट फिरवायची. दोघींचे रुसवे वेगळे.

2001 साली चेतन मैनींची विजेवर चालणारी रेवा रस्त्यावर आली, तीही बंगळुरूच्याच बोम्मसंद्रातल्या कारखान्यातून. तिला पुढे इंजिनच नाही. मोटर मागे, जोरही मागच्या चाकांना, आणि शिशाच्या जड बॅटऱ्या पुढच्या सीटखाली, अगदी तळाशी. पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम, शिवाय जोर पोचवणारे दांडे आड येत नाहीत, म्हणून ती चाकं भरपूर वळत. वळणाची त्रिज्या साडेतीन मीटर, मारुतीची 4.4. मल्लेश्वरमच्या अरुंद क्रॉस रोडवर शेजाऱ्यांची रेवा एका दमात उलटी फिरायची, मला मात्र रिव्हर्स घालावा लागे. हेवा वाटायचाच!

तिचं रूप मात्र खेळण्यातलं, आणि हायवेवर तिचं काम नव्हे. रेसवरून पाय उचलला की मोटरच ब्रेक लावून बॅटरी भरायची. तो ब्रेकही मागच्याच चाकांना, तेव्हा ओल्या वळणावर पाय झटकन न उचलणं बरं. हीच गाडी लंडनमध्ये 'जी-विझ' नावाने विकली गेली. 2010मध्ये महिंद्रांनी कंपनी घेतली. 2013च्या त्यांच्या ई-टू-ओ गाडीतही मोटर मागेच राहिली.