विनामूल्य विद्यादानाची परंपरा : एक ऐतिहासिक आढावा

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची यादी प्रतिवर्षी प्रसिद्ध होते. ती वाचून प्रत्येक कुटुंबास अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु कॉलेजच्या पहिल्याच वर्षी एकदोन विषयांत नापास होऊन, कोणास काही न सांगता गावी परतलेल्या मुलामुलींची यादी कोठेही छापली जात नाही. त्यांतील कित्येकांस बुद्धीची वाण नव्हती, फीची सोयही झालेली होती. शेजारी बसून अडलेले समजावून सांगणारे माणूस मात्र त्यांना भेटले नाही. अशी माणसे महाराष्ट्रात पूर्वी कशी निर्माण झाली, याचे थोडेसे स्मरण करून देण्याचा आमचा हेतू आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्याच्याही आधी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. निबंध वाचावेत, त्यांवर चर्चा करावी, एवढ्यावर हे तरुण संतुष्ट राहिले नाहीत. दादाभाई नौरोजी आदी मंडळींनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या, आणि आरंभी सभासदांनी स्वतःच तेथे विनावेतन शिकविले. आपण शिकलो ते दुसऱ्यास शिकवावे, ही भावना आपल्याकडील उच्च शिक्षणाच्या प्रारंभापासूनच दिसते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरी व्यवस्था दक्षिणा फेलोंची. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी सुरू केलेली श्रावणमासातील दक्षिणा पुढे पेशव्यांनी चालविली. ती विद्वान ब्राह्मणांपुरतीच होती. इंग्रजी अमलात त्या निधीचा काही भाग शिक्षणाकडे वळला आणि त्यातून महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. या फेलोने आपला पुढील अभ्यास करावा आणि खालच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना शिकवावे, अशी योजना होती. १८६२ साली पदवी मिळविणारे महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. नुकताच परीक्षा दिलेला तरुण आपल्याहून दोन पावले मागे असलेल्यास शिकवितो, तेव्हा कोठे अडते हे त्यास ताजे आठवत असते. या व्यवस्थेचे मर्म तेच होते. तिचा दोषही तितकाच उघड होता : ज्यांच्या घरी विद्येची परंपरा होती, त्यांच्याच मुलांपर्यंत तिचा लाभ मुख्यतः पोहोचला.

तिसरा मार्ग व्यक्तिगत जिव्हाळ्याचा. धोंडो केशव कर्वे यांनी मुंबईत शिकवण्या करून आपले शिक्षण केले आणि १८८४ साली ते बी.ए. झाले. पुढे त्यांनी आपले आप्त रघुनाथ परांजपे यांना मुंबईत स्वतःच्या घरी ठेवून त्यांच्या अभ्यासाकडे लक्ष पुरविले. तेच परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले आणि परत येऊन फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेतही अशीच माणसे भेटतात. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्या मुलास वाचावयास पुस्तके दिली आणि पुढील शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांचे साहाय्य मिळवून देण्याच्या कामी पुढाकार घेतला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक म्युलर यांनीही त्यांना पुस्तकांची मदत केली. पैसा बडोद्याहून आला हे खरे. परंतु पैशाच्या आधी कोणाचे तरी लक्ष त्या मुलाकडे गेले होते, हे आपण विसरता कामा नये.

आता आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचा प्रत्यक्ष संबंध जेथे येतो, त्या कोल्हापूरकडे वळू. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापिले. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातून आलेल्या मुलास राहण्याजेवणाची सोय तर मिळालीच, पण त्याहून मोठी गोष्ट मिळाली ती अभ्यास करणाऱ्यांची संगत. वरच्या वर्गातील मुलगा त्याच खोलीत असे, आणि अडलेले गणित रात्रीच्या रात्री सुटे.

जातवार वसतिगृहांनी जातींच्या भिंती पक्क्या केल्या, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो, आणि तो खोडून काढण्याचा अट्टहास आम्ही करणार नाही. परंतु कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात काही काळ राहिलेला एक विद्यार्थी पुढे काय करतो ते पाहावे. भाऊराव पाटील यांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेले नाही. साताऱ्यात शिकवण्या करून ते आपला चरितार्थ चालवीत. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत व एकत्र जेवीत. मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने, अखेर मंगळसूत्रही मोडले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेथे ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर श्रम करून शिकण्याची सोय झाली. एका जातीच्या बोर्डिंगात राहिलेल्या मुलाने सर्वांसाठी दार उघडले. ज्ञातिसंस्थेचे सार्थक याहून निराळे ते काय असावे?

पुढील काळात या कार्यास संस्थांचे रूप आले. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांस शिकता यावे म्हणून तेथील वर्ग सकाळी भरत. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापून ग्रामीण भागातून कॉलेजात येणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांचा प्रश्न हाती घेतला. सरकारी पातळीवर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २००७ ते २०१२ या काळात, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांतून उपचारात्मक शिकवणी वर्गांची योजना राबविली. २०१७ पासून केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या विनामूल्य ऐकता येऊ लागली.

मग उणीव कोठे राहिली? आमच्या मते ती पूर्वीच्याच ठिकाणी आहे. बारावीपर्यंत मराठीत विचार केलेला मुलगा अभियांत्रिकीच्या वा विज्ञानाच्या वर्गात बसतो, तेव्हा विषयापूर्वी इंग्रजी भाषाच त्याच्या वाटेत उभी राहते. प्रश्न विचारावयास तो लाजतो. व्याख्यान पुन्हा ऐकता येते, परंतु आपली चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली हे व्याख्यान सांगत नाही. आम्ही स्वतः प्रथम वर्षात असताना कलन या विषयात गोते खात होतो. वसतिगृहातील एका वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने दोन महिने रोज रात्री जेवणानंतर तासभर आमच्याकडून उदाहरणे सोडवून घेतली. त्याची व आमची जात एक नव्हती, आणि मोबदला म्हणून चहाचा पेलाही त्याने कधी घेतला नाही. तो तास मिळाला नसता, तर आम्हीही त्या न छापलेल्या यादीतच गेलो असतो.

आपल्या संस्थेकडून शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्या दिल्या जाव्यात, त्यांत वाढही व्हावी. परंतु शिष्यवृत्ती बहुधा पास झालेल्यास मिळते. जो नापास होण्याच्या बेतात आहे, त्यास धनादेशापेक्षा माणसाची गरज अधिक आहे. आपल्या सभासद कुटुंबांत निवृत्त शिक्षक आहेत, अभियंते आहेत, हिशेबतपासनीस आहेत, पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणारी मुलेमुली आहेत. त्यांनी रविवारचे दोन तास दिले, आणि संस्थेने आपले सभागृह, एक फळा व काही क्रमिक पुस्तके उपलब्ध करून दिली, तर अशा कार्यास मोठ्या निधीची अपेक्षा नाही. मात्र एक पथ्य आवर्जून पाळले जावे. दाराशी आलेल्या विद्यार्थ्यास त्याची जात विचारू नये. दक्षिणेच्या मर्यादेतून आपण बोध घेतला असेल आणि साताऱ्याच्या वसतिगृहाचा आदर्श आपणांस मान्य असेल, तर याबाबत दुमत होण्याचे कारण नाही.

विद्याधन दिल्याने वाढते, हे सुभाषित आपण सर्वांनी बालपणी पाठ केले आहे. ज्यांच्या हातून आपल्याला ती विद्या मिळाली, त्यांचे ऋण त्यांना परत करता येत नाही. ते पुढच्यालाच द्यावयाचे असते. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीशेजारी, रविवारी शिकविण्यास येणाऱ्या स्वयंसेवकांची एक लहानशी यादी छापली जावी, एवढीच आमची सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे.