भुयार की रस्ता : टोरांटोच्या एग्लिंटन मार्गाचा धडा

कॅनडातील टोरांटो शहराला पूर्व-पश्चिम छेदून जाणाऱ्या एग्लिंटन अव्हेन्यू या रस्त्यावरील लाइट रेल मार्ग हे भुयारी आणि जमिनीवरील रेल्वेच्या वादाचे अलीकडच्या काळातील एक ठळक उदाहरण आहे. या मार्गाची लांबी १९ किलोमीटर असून त्यावर २५ स्थानके व थांबे आहेत. शहराच्या मध्यभागातील सुमारे १० किलोमीटरचा टप्पा भुयारातून जातो, तर पूर्वेकडे गाडी बहुतांशी रस्त्याच्या मधोमध, स्वतंत्र रुळांवरून धावते. हा तोडगा एका बैठकीत ठरलेला नाही. त्यासाठी एका महापौराची योजना दुसऱ्याने मोडली, दुसऱ्याची योजना नगरसेवकांनी फेटाळली आणि दरम्यान प्रवाशांची वर्षे गेली.

लाइट रेल म्हणजे काय?

ट्राम आणि मेट्रो यांच्या मधले हे साधन आहे. डोक्यावरील तारेतून वीज घेणारी ही गाडी भुयारातून, पुलावरून किंवा सिग्नल असलेल्या रस्त्यावरून, कुठूनही जाऊ शकते. मेट्रोला मात्र सर्वत्र बंदिस्त मार्ग लागतो. लाइट रेलची ही लवचिकता हेच तिचे बळ आणि हेच वादाचे मूळही आहे. जी गाडी रस्त्यावरून जाऊ शकते ती जमिनीखाली का न्यावी, असे एक पक्ष विचारतो. जी जमिनीखालून जाऊ शकते तिने रस्ता का अडवावा, असे दुसरा.

पूर्वपीठिका

एग्लिंटनवर भुयारी रेल्वे नेण्याचा प्रयत्न जुना आहे. १९९४ साली रस्त्याच्या पश्चिम भागात मेट्रोचे काम सुरू झाले होते; परंतु १९९५ मध्ये ऑन्टारिओ प्रांतात माइक हॅरिस यांचे सरकार आले, काम रद्द झाले आणि खणलेला खड्डा पुन्हा बुजविण्यात आला. त्यानंतर २००७ मध्ये महापौर डेव्हिड मिलर यांनी ‘ट्रान्झिट सिटी’ ही सात लाइट रेल मार्गांची योजना मांडली. तिच्यातील सर्वांत मोठा मार्ग एग्लिंटनचा होता. मध्यभागात रस्ता अरुंद आणि वस्ती दाट असल्याने तेथे भुयार, तर दोन्ही टोकांना रस्ता रुंद असल्याने तेथे जमिनीवरील रूळ, अशी तिची रचना होती.

वादाचे दोन पक्ष

१ डिसेंबर २०१० रोजी महापौरपदाची सूत्रे हाती घेताच रॉब फोर्ड यांनी ‘ट्रान्झिट सिटी’ संपल्याचे जाहीर केले. रस्त्यावरील रूळ मोटारींची वाट अडवतात, ही त्यांची भूमिका होती. मार्च २०११ मध्ये त्यांनी प्रांताचे प्रीमियर डाल्टन मॅगिंटी यांच्याशी करार केला. त्यानुसार एग्लिंटनचा मार्ग जवळजवळ पूर्णपणे भुयारी होऊन पूर्वेला स्कारबरोपर्यंत जाणार होता आणि प्रांताचे ८ अब्ज डॉलरांहून अधिक एवढे साहाय्य प्रामुख्याने या एकाच मार्गावर खर्च होणार होते.

फोर्ड यांच्या भूमिकेला केवळ मोटारचालकांचा पाठिंबा नव्हता. स्कारबरो हे शहराच्या पूर्वेचे मोठे उपनगर आहे. शहराच्या मध्यभागाला मेट्रो आणि आम्हाला मात्र रस्त्यावरची ट्राम, हा दुजाभाव का, असा तेथील अनेकांचा प्रश्न होता. हिवाळ्यात बर्फात उभे राहून गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला भुयारी स्थानकाचे आकर्षण वाटणे स्वाभाविकच होते.

दुसऱ्या पक्षाचा हिशेब वेगळा होता. पूर्वेकडे रस्ता इतका रुंद आहे की रुळांना मधोमध जागा मिळू शकते. तेथील अपेक्षित प्रवासीसंख्या भुयाराचा खर्च पेलण्याइतकी नव्हती. शिवाय डॉन नदीचे खोरे ओलांडताना भुयार नेणे हे अवघड आणि खर्चिक काम होते. पूर्वेचा भाग जमिनीवर ठेवल्यास एक अब्जाहून अधिक डॉलर वाचतील आणि त्यांतून फिंच व शेपर्ड या रस्त्यांवरही लाइट रेल उभारता येईल, असा युक्तिवाद परिवहन आयोगाच्या अध्यक्ष कॅरन स्टिंट्झ यांनी केला. एरवी त्या फोर्ड यांच्या सहकारी मानल्या जात.

८ फेब्रुवारी २०१२ रोजी महापालिकेच्या विशेष सभेत २५ विरुद्ध १८ मतांनी जमिनीवरील पूर्वभागाचा पर्याय पुन्हा स्वीकारण्यात आला. त्याच महिन्यात परिवहन आयोगाने आपले मुख्य महाव्यवस्थापक गॅरी वेबस्टर यांना ५ विरुद्ध ४ मतांनी पदावरून दूर केले. तांत्रिक प्रश्नात राजकारण किती खोलवर उतरू शकते, हे त्यातून दिसले.

भुयाराची खरी किंमत

भुयार केले की रस्त्याला धक्का लागत नाही, हा समज एग्लिंटनवर खोटा ठरला. बोगदा खणणारी चार यंत्रे २०१३ ते २०१६ या काळात जमिनीखालून गेली आणि वर राहणाऱ्यांना त्यांचा फारसा त्रास झाला नाही. त्रास झाला तो स्थानकांचा. भुयारी स्थानकाला फलाटाबरोबरच जिने, उद्वाहक, वायुवीजन आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग लागतात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी रस्ता वरून खणावा लागतो. ‘लिटल जमैका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅरिबियन वस्तीतील दुकानांसमोर वर्षानुवर्षे कुंपणे, खड्डे आणि वळविलेली वाहतूक राहिली. गिऱ्हाईक तुटले आणि अनेक छोटी दुकाने कायमची बंद झाली. ज्यांच्यासाठी मार्ग बांधला जात होता, त्यांतील कित्येक जण तो सुरू होण्यापूर्वीच तेथून गेले.

मूळ उद्दिष्ट २०२० चे होते. यंग स्ट्रीटवरील जुन्या मेट्रो स्थानकाच्या खाली नवे स्थानक बांधण्याचे काम अडचणीचे ठरले, कंत्राटदार समूह आणि प्रांताची परिवहन संस्था मेट्रोलिंक्स यांच्यात न्यायालयीन तंटे झाले आणि तारखा पुढे सरकत राहिल्या. खर्च १२ अब्ज डॉलरांपलीकडे गेला. अखेर २०१२ च्या मतदानानंतर १४ वर्षांनी, फेब्रुवारी २०२६ मध्ये मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला.

भुयाराचा आणखी एक परिणाम सहसा चर्चेत येत नाही. स्थानक महाग असल्यामुळे ती संख्येने कमी आणि एकमेकांपासून दूर ठेवावी लागतात. एग्लिंटनच्या भुयारी भागात दोन स्थानकांतील अंतर सरासरी सुमारे ८५० मीटर आहे. रस्त्यावरील भागात थांबे त्याहून जवळ आहेत. गाडी वेगाने जाते, पण वृद्ध प्रवाशाला स्थानकापर्यंत अधिक चालावे लागते आणि पुढे जमिनीखाली उतरावेही लागते.

रस्त्यावरील गाडीची मर्यादा

तथापि रस्त्यावरचा पर्याय स्वस्त असला तरी तो आपोआप यशस्वी होत नाही. भुयारात गाडी स्वयंचलित नियंत्रणाने धावते. रस्त्यावर ती चालकाच्या नजरेवर आणि चौकातील सिग्नलवर अवलंबून असते. डिसेंबर २०२५ मध्ये फिंच वेस्ट हा १०.३ किलोमीटरचा, १८ थांब्यांचा लाइट रेल मार्ग सुरू झाला, तेव्हा गाड्यांच्या संथ गतीवर लगेच टीका झाली. चौकात रेल्वेला ठामपणे प्राधान्य द्यावे, ही मागणी पुढे आली. शंभरावर प्रवासी घेऊन येणारी गाडी डावीकडे वळणाऱ्या चार मोटारींसाठी थांबणार असेल, तर स्वतंत्र रुळांचा लाभ निम्मा उरतो. जमिनीवरील मार्ग निवडणे म्हणजे रस्त्यावर कोणाचा हक्क आधी, हे ठरविणे होय. तो निर्णय टाळला तर वाचविलेले पैसे प्रवाशांच्या वेळातून वसूल होतात.

वाद पश्चिमेकडे मात्र वेगळ्या वळणाने संपला. तेथील विस्तार जमिनीवरून नेण्याचा महापालिकेचा विचार होता. २०१९ मध्ये रॉब यांचे बंधू डग फोर्ड यांच्या प्रांतिक सरकारने ९.२ किलोमीटरचा हा टप्पा बहुतांश भुयारी करण्याचे ठरविले. रस्ता तोच, त्याच्या दोन टोकांना न्याय मात्र दोन प्रकारचा, अशी आज स्थिती आहे.

इंदूरच्या संदर्भात

हा वाद मराठी वाचकांना परका नाही. इंदूर मेट्रोचा सुपर कॉरिडॉरवरील सुमारे सहा किलोमीटरचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ रोजी सुरू झाला. तेथे रस्ता रुंद असल्याने खांबांवरील मार्गाला अडचण आली नाही. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या शहरात मात्र भुयार कोठून कोठपर्यंत असावे, यावर दीर्घ काळ मतभेद राहिले. आपल्याकडे भुयाराला पर्याय म्हणून बहुधा रस्ता नव्हे, तर उन्नत मार्ग येतो, हा फरक लक्षात घेतला तरी मूळ प्रश्न तेच राहतात : त्या टप्प्यावर प्रवासी किती, रस्त्याची रुंदी किती, स्थानक खणताना कोणाची दुकाने किती वर्षे झाकली जाणार आणि त्यांची भरपाई कोण देणार.

एग्लिंटनचा अनुभव असे सांगतो की भुयार हे प्रतिष्ठेचे आणि रस्त्यावरील मार्ग हा कमीपणाचा, अशी मांडणी एकदा झाली की हे प्रश्न मागे पडतात. जेथे वाट अरुंद आहे तेथे भुयाराला पर्याय नसतो. जेथे वाट मोकळी आहे तेथे भुयारासाठी दिलेला प्रत्येक रुपया किंवा डॉलर दुसऱ्या एखाद्या वस्तीच्या वाट्याच्या गाडीतून काढलेला असतो. म्हणूनच संपूर्ण मार्गाचा निर्णय एका शब्दात न घेता टप्प्याटप्प्याने घ्यावा लागतो आणि एकदा घेतल्यावर तो पाळावाही लागतो.