काचेवरचे 27 अंश

नाशिकच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेताना मी बरीच वर्षे पिपेटच्या टोकाशी उरलेला थेंब फुंकून पाडायला लावत असे. जो विद्यार्थी तो तसाच सोडी, त्याचे गुण मी कापत असे. पिपेटवर 'एक्स' अशी खूण होती. तिचा अर्थ मी कधी शोधलाच नव्हता.

'एक्स' म्हणजे बाहेर पडेल तेवढेच माप. टोकाशी राहणारा थेंब रेघ आखतानाच वगळलेला असतो. 10 मिलीच्या 'ए' वर्गाच्या पिपेटला सूट असते ती 0.02 मिलीची, फुंकलेला थेंब बहुधा त्याहून मोठा. उलट चंबूवर 'इन' असते : रेघेपर्यंत आत मावेल ते माप. धान्य मापताना पायली सपाट की शीग लावून, हे आधी ठरवावे लागे. हा करारही तसलाच.

हे करार एका दिवसात झाले नाहीत. 1855 साली अनुमापनावर ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रीडरिख मोर यांचा लिटर आजच्यापेक्षा सुमारे 2 मिलीने मोठा होता. 1901 साली लिटर एक किलो पाण्यावरून ठरला, तेव्हा मिली आणि घन सेंटिमीटर यांत दहा लाखांत 28 भागांचा फरक राहिला. तो 1964 साली मिटला. तोवर आपल्याकडे 1956 च्या कायद्याने शेर-पायली मागे पडू लागली होती.

राहिला तापमानाचा आकडा. युरोपीय काचेवर 20 अंश असतात. भारतीय मानकांनी आपली हवा पाहून 27 स्वीकारले. बोरोसिलिकेट काचेचा लिटरचा चंबू या सात अंशांत जेमतेम 0.07 मिली वाढतो. पाणी मात्र 1.7 मिली फुगते, आणि 'ए' वर्गाच्या अशा चंबूला सूट फक्त 0.4 मिलीची. जानेवारीत 15 अंशांना केलेले द्रावण एप्रिलमध्ये 35 अंशांना वापरले, तर लिटरमागे पाच मिलींची तफावत पडते. नाशिकच्या हवेत हे सहज घडते.

म्हणजे काच खरे बोलत होती. वाचायचे आम्ही राहिलो होतो. कापलेले ते गुण आता परत देता येत नाहीत. म्हणून हे लिहून ठेवले.